जुनी माउंटन स्लेड घेताना इंजिन शेवटी बघा

कॅल्गरीत दसरा-दिवाळीच्या सुमारास मला दरवर्षी डोंगरात चालवायच्या स्नोमोबिलबद्दल (आम्ही तिला स्लेड म्हणतो) ठरलेले फोन येतात. "ताई, एक स्लेड बघून ठेवलीय. कमी चाललेली आहे, इंजिन एकदम मस्त आहे म्हणतोय. घेऊ का?" इंजिन मस्त आहे हे विकणाऱ्याने सांगितलेलं असतं आणि फोन करणाऱ्याने मला फोटोही इंजिनाचेच पाठवलेले असतात. टनेलचा, म्हणजे सीटखालच्या लांब सांगाड्याचा, एकही नसतो. म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढते, पुढच्या वेळी लिंक पाठवायला बरं.

गुलमर्गला किंवा सोलांगला पर्यटक ज्या स्नोमोबिलवर चक्कर मारून फोटो काढतात, तिचा आणि माउंटन स्लेडचा संबंध नावापुरता. ऑन्टारियो-क्वेबेकमध्ये दाबून सपाट केलेल्या ट्रेलवर पळवतात ती स्लेडही वेगळी. तिचा ट्रॅक, म्हणजे गाडी ढकलणारा रबरी पट्टा, आखूड असतो, साधारण १२९ ते १३७ इंच. ट्रॅकवरची रबरी पॅडल, म्हणजे उभ्या पट्ट्या, सव्वा-दीड इंचाची, आणि पुढच्या दोन स्कींमधलं अंतर जास्त, त्यामुळे वळणावर ती सपाट राहते. माउंटन स्लेडचा ट्रॅक १४६ इंचांपासून १७५ पर्यंत जातो, पॅडल अडीच ते तीन इंचांचं, आणि स्की जवळजवळ, कारण कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात ही गाडी हँडलने वळत नाही, अख्खी एका अंगावर कलती करून वळवावी लागते. कोरडं वजन दोनशे किलोच्या आसपास. पेट्रोल, ऑइल, कूलंट आणि टनेलखाली चिकटलेला बर्फ धरला की ती किती जड होते ते झाडाच्या बुंध्याभोवतीच्या भुसभुशीत खड्ड्यात रुतल्यावर कळतं.

हे आधी सांगायचं कारण, मार्केटप्लेसवर ट्रेलची स्लेड निम्म्या किमतीत दिसते आणि नवीन मंडळी पाघळतात. ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरांत, रेव्हलस्टोकला जायचं असेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. आणि फक्त गोठलेल्या तळ्यावर फिरायचं असेल तर माउंटन स्लेड घेऊ नका. तिचा रेडिएटर म्हणजे टनेलच्या आतल्या बाजूचे कूलर. ट्रॅकने उडवलेला बर्फ त्यांच्यावर आदळतो आणि कूलंट थंड होतं. कडक बर्फावर काही उडतच नाही, मग गाडी तापते.

कोणती बघायची

नवी घ्यायची तर आता वीस हजार कॅनेडियन डॉलर सहज लागतात, म्हणून बहुतेकांची पहिली स्लेड जुनीच असते. माझी पसंती सरळ आहे. बजेट बरं असेल तर २०१७ किंवा नंतरची स्की-डू समिट ८५० ई-टेक, नाहीतर २०१६ नंतरची पोलॅरिस ८०० आरएमके, अ‍ॅक्सिस चॅसिसवाली. हात आखडता असेल तर २०१३ नंतरची समिट एक्सएम, ८००आर ई-टेक इंजिनची. ही सगळी टू-स्ट्रोक इंजिनं. त्याहून जुन्या स्लेड मिळतात आणि चालतातही, पण त्या घेणाऱ्याला स्वतः पाना हातात धरता आला पाहिजे.

यामाहाने स्नोमोबिलचा धंदा बंद करत असल्याचं २०२३ मध्ये जाहीर केलं आणि २०२५ हे त्यांचं शेवटचं मॉडेल वर्ष ठरलं. आर्क्टिक कॅटचेही मालक २०२५ मध्ये बदलले. त्यांच्या जुन्या गाड्या वाईट आहेत असं मुळीच नाही, आर्क्टिक कॅटचे लोक तर आपल्या गाडीबद्दल एक शब्द ऐकून घेत नाहीत. पण तुमच्या गावातला डीलर सुटे भाग ठेवतो का, हे विचारून मगच पैसे बाहेर काढा. फेब्रुवारीत एका बुशिंगसाठी पंधरा दिवस थांबायचं म्हणजे सीझन गेला.

ट्रॅकची लांबी वजनावर ठरवा, हौसेवर नाही. माझ्यासारख्या साठ किलोच्या आतल्या बाईला १५४ पुरतो. उंच, धिप्पाड माणसाने १६३-१६५ बघावा. १७४-१७५ खोल बर्फात तरंगतो खरा, पण झाडांमधून वळवताना नवशिक्याचा घाम काढतो.

टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद टिकवणाऱ्या यंत्राच्या, नादाला पहिल्या खरेदीत लागू नका. उंचीवर हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद दर तीनशे मीटरला साधारण तीन टक्के घटते, म्हणजे दोन हजार मीटरवर १६५ हॉर्सपॉवरचे एकशे तीस-पस्तीस उरतात. नवशिक्याला तेवढे रग्गड. स्की-डूने २०२० च्या मॉडेलपासून कारखान्यातूनच टर्बो बसवून द्यायला सुरुवात केली, तो प्रकार निदान नीट जमवलेला असतो. पण कुणीतरी घरच्या गॅरेजात बाहेरचा टर्बो किट बसवलेली जुनी स्लेड? लांबून नमस्कार.

जाहिरात वाचताना

"फक्त ३,००० किलोमीटर" याला एकट्याला काही अर्थ नाही. सोबत इंजिनाचे तास विचारा आणि किलोमीटरला तासांनी भागा. पंधरा-वीसच्या आसपास उत्तर आलं तर नेहमीचा डोंगरी वापर. तीसच्या पुढे गेलं तर ती बहुतेक लांब ट्रेलवर चाललीय. दहाच्या खाली आलं, तर ती गाडी कमी चाललेली नाही, ती पुष्कळ रुतलेली आहे: फुल थ्रॉटल, ट्रॅक जागच्या जागी फिरतोय, गाडी तिथेच. बेल्ट आणि क्लच भाजून निघतात ते अशा वेळी, आणि मीटर मात्र जेमतेम हलतो.

भाव एप्रिल-मेमध्ये उतरतात. लोकांना बोट, कॅम्पर आणि मोटरसायकलचे वेध लागतात. शिवाय तेव्हा डोंगरात बर्फ शिल्लक असतो, चालवून बघता येते. ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला की तीच स्लेड महाग, आणि चालवायला अंगणात फक्त गवत.

फोनवर एकच गोष्ट बजावून सांगा: मी येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी हूड उघडून एक्झॉस्ट पाइपला हाताची उलटी बाजू लावा. कोमट लागला तर चोराच्या मनात चांदणं. थंडीत सुरू व्हायला कुरकुरणारं इंजिन गरम केल्यावर गुणी बाळासारखं वागतं, म्हणून ते तुमच्यासमोर गार असतानाच सुरू व्हायला हवं. पण लगेच नको. आधी बाकीचं बघून घ्या.

आधी सांगाडा

इंजिनाचं दुखणं मोजता येतं. टॉप एंड म्हणजे पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट बदलायला किती लागतील हे कुठलाही मेकॅनिक फोनवर सांगेल. तेवढी रक्कम किमतीतून कापून मागता येते. टनेल वाकलेलं असेल तर मात्र त्याचा हिशेब कुणी देत नाही. एक सरळ करायला गेलं की दुसरं वाकडं निघतं. म्हणून माझा क्रम असा: सांगाडा, ट्रॅक, क्लच, आणि मग इंजिन.

टनेल म्हणजे सीटखालचा तो लांब अ‍ॅल्युमिनियमचा उलटा पन्हाळ, ज्याच्या आत ट्रॅक फिरतो. मागच्या बंपरपाशी उकिडवे बसा, एक डोळा मिटा आणि टनेलच्या कडेवरून पुढे नजर टाका. कड सरळ रेषेत गेली पाहिजे. मग दुसरी बाजू. मध्येच पोक आलेला असेल, किंवा मागचा भाग किंचित खाली झुकलेला असेल, तर गाडी उडी मारून ढुंगणावर आपटलेली आहे.

आता मोबाइलचा टॉर्च लावून रिव्हेट बघा. टनेल आणि रनिंग बोर्ड जिथे जोडलेत तिथे, आणि पुढे इंजिनाच्या बैठकीकडे. घट्ट रिव्हेटभोवतीचा पत्रा स्वच्छ असतो. ढिल्या रिव्हेटभोवती काजळासारखं काळपट वलय दिसतं, आणि बऱ्याचदा त्याला वाऱ्याच्या दिशेने ओढल्यासारखी शेपटी असते. पत्र्यावर पत्रा घासून झालेली ती भुकटी. बोटाने पुसली जाते, चालवली की परत येते. एखाद-दुसऱ्या रिव्हेटला असेल तर विषय नाही, ड्रिल करून नवा ठोकता येतो. ओळीने पाच-सहांना असेल तर सांगाडा हलतोय. मी अशा वेळी आभार मानून निघते. गाडी नुकतीच धुऊन आर्मर-ऑलसारखं पॉलिश चोपडून चकचकीत केलेली असेल तर जास्तच वेळ घालवा, वरून कीर्तन आतून तमाशा हा प्रकार स्लेडमध्ये भरपूर.

पुढे या. साइड पॅनल काढायला सांगा. नाही म्हणाला तर तिथेच समजा. स्कीला धरून ठेवणाऱ्या नळ्या, म्हणजे ए-आर्म, डाव्या-उजव्या एकमेकींशी ताडून बघा. वाकलेला ए-आर्म स्वतः तसा स्वस्त, बोल्ट काढून तासाभरात बदलता येतो. पण झाडाचा मार ए-आर्मपर्यंतच थांबला की बल्कहेडपर्यंत, म्हणजे ए-आर्म जोडलेल्या पुढच्या सांगाड्यापर्यंत गेला, हे महत्त्वाचं. ए-आर्म जिथे बसतो त्या जागेचे कोपरे, वेल्डिंग, भोकांच्या कडा बारकाईने बघा. केसासारखी चीर पुरते. नवा चकाकता ए-आर्म एकाच बाजूला आणि दुसरा जुना, असं दिसलं की "काय धडकलं होतं?" हा प्रश्न साळसूदपणे विचारा आणि उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ ऐका.

ट्रॅक आणि स्किड

गाडीचा मागचा भाग जॅकस्टँडवर उचला आणि ट्रॅक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. पॅडलचे तुकडे थोडे गेलेले असतातच, दगड काही कुणाला सोडत नाहीत. कडेची फाट, रबरातून डोकावणारे दोरे आणि मोडलेले फायबरग्लासचे रॉड हे मात्र गंभीर. रॉड मोडला की ट्रॅकला तिथे बिजागरी आल्यासारखी वाटते, दाबलं की एकाच रेषेत दुमडतो. नवा ट्रॅक हा जुन्या स्लेडच्या दुरुस्तीतला सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक आहे, बसवणावळ वेगळी.

ट्रॅकच्या आतली सस्पेन्शनची चौकट, तिला इथे सगळे स्किड म्हणतात. तिचे रेल सरळ हवेत. रेलखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या म्हणजे हायफॅक्स. त्या झिजणारच, झिजण्याची मर्यादा त्यांच्यावरच खुणेने दिलेली असते. बोगी व्हील, म्हणजे ट्रॅकच्या आतली छोटी चाकं, एकेक करून बोटाने फिरवा. घरघर आली तर बेअरिंग गेलं, किरकोळ खर्च. शॉकच्या दांड्यावर ऑइलचा ओशटपणा दिसला तर सील गेलं, थोडा जास्त खर्च. कशानेही घाबरायचं नाही, कागदावर लिहीत जायचं, घासाघीस करताना कामी येतं.

क्लच: घोडं पेंड खातं ते इथे

ज्यांच्या घरी कधी कायनेटिक होंडा होती त्यांना स्लेडचं ट्रान्समिशन समजवायला लागत नाही. पुढे एक पुली, मागे एक, मध्ये रबरी बेल्ट. वेग वाढला की पुढची मिटते, मागची उघडते. फरक इतकाच की इथे त्या पट्ट्यावरून दीडशेच्या वर हॉर्सपॉवर जातात, तेही भर थंडीत आणि ओल्या बर्फात.

बेल्ट काढून हातात घ्या. कडा काचेसारख्या चकाकत असतील तर तो घसरून भाजलाय. दाते तुटलेले, कडेचे धागे सुटलेले, एका जागी कंबर बारीक झालेली, असं काही असेल तर बेल्ट टाकाऊ. बेल्ट स्वतः काही फार महाग नाही, प्रश्न तो असा का झाला हा आहे. पुलीच्या दोन्ही तबकड्यांवरून बोट फिरवा. नख अडकेल अशी खाच, किंवा उष्णतेने आलेला निळसर डाग, चांगला नाही. पुढची क्लच दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. अजिबात हलली नाही पाहिजे. हलली तर क्रँकचं बेअरिंग तपासून घेतल्याशिवाय पुढे बोलू नका. रोलर सपाट झालेत का, वजनांवर खड्डे पडलेत का, हेही टॉर्चने दिसतं.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कधीच लिहिलेली नसते: ही स्लेड आधी कुठे चालायची? सस्कॅचेवान-मॅनिटोबासारख्या सपाट मुलखातून आलेली असेल तर तिची क्लच तिथल्या उंचीला जुळवलेली असण्याची शक्यता आहे. डोंगरात इंजिनाची ताकद घटते, तेव्हा वजनं आणि स्प्रिंग त्याप्रमाणे बदलावी लागतात, नाहीतर आरपीएम चढतच नाही आणि माणूस बिचाऱ्या इंजिनाला शिव्या घालत बसतो. स्की-डूच्या क्लचवर क्लिकर, म्हणजे फिरवून बसवायचे छोटे स्क्रू असतात, त्यांनी थोडा फरक साधता येतो. जास्त असेल तर सामान बदलणं आलं.

आता इंजिन

सुरू करायच्या आधी कॉम्प्रेशन बघा. काटेकोर आकडा गरम इंजिनावर मिळतो, पण आपल्याला दोन सिलिंडरमधला फरक हवा आहे, तो गार इंजिनावरही कळतो. दोन्ही प्लग काढून, किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) दाबून, थ्रॉटल पूर्ण दाबून धरायचा आणि गेजचा काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. दहा टक्क्यांच्या आतला फरक चालतो, त्यापेक्षा जास्त असेल तर एका बाजूचा पिस्टन किंवा रिंगा थकल्यात. आकड्याबाबत एक सावधगिरी: कॅल्गरी एक हजार मीटरवर आहे, इथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा दहा-बारा टक्के कमी. म्हणजे मिनेसोटातल्या कुणी १२० पीएसआय लिहिलं असेल, तर तशाच धडधाकट इंजिनाला इथे १०५-१०८ दिसतील. त्यावरून गाडी टाकून येऊ नका आणि विकणाऱ्याशी भांडूही नका.

काढलेले प्लग तपकिरी हवेत. पांढरेफटक असतील तर इंजिन गरम चाललंय. ई-टेकचे प्लग परत बसवताना त्यांच्या फटीचं तोंड ठरलेल्या दिशेलाच यावं लागतं, तेव्हा त्यावर आधीची खूण बघून ठेवा आणि तशीच जुळवा. हे ज्याला माहीत नाही अशा मालकाने स्वतः सर्व्हिसिंग केलंय असं सांगितलं, तर बाकीची सर्व्हिसिंगही त्याच दर्जाची धरायची.

कूलंटच्या बाटलीत तेलकट तवंग आहे का बघा. चेनकेस, म्हणजे ट्रॅकला ताकद पोहोचवणाऱ्या चेनची पेटी, तिच्यातलं ऑइल थोडं काढून बघता आलं तर उत्तम, चुंबकावर बारीक चुरा चालतो, कपच्या चालत नाहीत. पोलॅरिसच्या २०१३ नंतरच्या प्रो-आरएमकेमध्ये चेनऐवजी बेल्टची ड्राइव्ह आहे, तिथे त्या बेल्टच्या दात्यांवर टॉर्च मारा.

मग सुरू करा. गार इंजिन थोडा धूर काढणारच, टू-स्ट्रोक आहे. दोन-चार मिनिटांत ते एका लयीत आलं पाहिजे. पुढची क्लच डोलताना दिसते का, खालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो का, याकडे लक्ष. रिव्हर्सचं बटण दाबून बघा. या इंजिनांत रिव्हर्स म्हणजे इंजिनच उलटं फिरवतात, ते दोन-तीनदा नीट व्हायला हवं. किल स्विच दाबून आणि टेदर, म्हणजे चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायची दोरी, ओढून इंजिन बंद होतं का तेही. स्की-डूच्या चाव्या इलेक्ट्रॉनिक असतात, दोन्ही मागून घ्या.

चालवायला बर्फ असेल तर पंधरा मिनिटं चालवा. हँडल सोडलं की ती कुठे ओढते, ब्रेक धरतो का, तापमान कुठे जाऊन थांबतं, इतकं पुरे. थांबल्यावर साइड पॅनल उघडून क्लचजवळ हात न्या. ऊन लागणं ठीक, हात ठेववत नाही इतकं गरम म्हणजे बेल्ट घसरतोय.

कागद आणि उरलेले पैसे

व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टनेलच्या उजव्या बाजूला असतो. स्टिकर खरवडलेलं असेल तर विषय संपला. कॅनेडियन पोलीस इन्फर्मेशन सेंटरच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकून चोरीची गाडी आहे का हे बघता येतं, आणि अल्बर्टात रजिस्ट्री एजंटकडे थोड्या पैशात त्यावर कुणाचं कर्ज आहे का हे कळतं. कर्ज गाडीमागून येतं, मालकामागून नाही, हे लक्षात असू द्या. रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष काढायला परत बोलावलेलं काम, बाकी आहे का ते डीलर व्हीआयएनवरून सांगतो. ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या यादीतही स्नोमोबिलचे रिकॉल असतात. ब्रिटिश कोलंबियात सरकारी जमिनीवर चालवायला १ नोव्हेंबर २०१५ पासून नोंदणी सक्तीची आहे, आणि अल्बर्टात सार्वजनिक जमिनीवर नोंदणी आणि विमा दोन्ही लागतात.

सगळं बजेट स्लेडवर उडवू नका. निदान पाचवा हिस्सा पहिल्या सीझनच्या दुरुस्तीला ठेवा. आणि त्याआधी, स्लेड घ्यायच्याही आधी, ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि हिमप्रपातापासून बचाव शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या एएसटी-१ कोर्सचे पैसे वेगळे काढा. १३ मार्च २०१० ला रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर डोंगराचा अख्खा उतार स्लेडवाल्यांच्या गर्दीवर आला, दोघं गेले, तीसेक जखमी झाले. त्याच बोल्डरवर आपण जातो. ट्रान्सीव्हर घरी ठेवून येणाऱ्याला मी माझ्या ट्रेलरवर स्लेड चढवू देत नाही, मग तो मंडळाचा अध्यक्ष असो. ट्रान्सीव्हर अंगावरच हवा, टनेलवरच्या बॅगेत नाही, आणि मोबाइलपासून निदान वीस सेंटिमीटर लांब, शोधताना पन्नास.

घरी आणल्यावर

पहिल्याच आठवड्यात विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता चेनकेसचं ऑइल बदला, सगळीकडे ग्रीस मारा, नवा बेल्ट घाला आणि जुना बरा असेल तर तो सुट्टा म्हणून सोबत ठेवा. ग्रीस निपलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं स्वच्छ दिसेपर्यंत मारायचं, काटकसर नको. टू-स्ट्रोक ऑइल कंपनीने सांगितलेलंच वापरा. पेट्रोल ९१ ऑक्टेन. पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी ऑइलच्या टाकीत डोकवायचं.

चालवायच्या दिवशी सगळ्यात मोठी चूक पार्किंगमध्येच होते. रात्रभर उभी असलेली स्लेड जमिनीला गोठून चिकटलेली असते. सुरू करून थेट थ्रॉटल दिला की ट्रॅक हलत नाही, क्लच फिरते आणि बेल्टचं एका जागी मांस जातं. आधी मागचा बंपर धरून गाडी उचलून आपटा, डावी-उजवीकडे हलवा, ट्रॅक सुटला की मग सुरू करा. इंजिनही लगेच पिळायचं नाही. पिस्टन आधी तापून फुगतो, सिलिंडर अजून गार असतो, आणि दोघांमध्ये जागाच उरली नाही की इंजिन जाम होतं. कूलंट चाळीस अंशांवर गेलं की निघा. जेवणाच्या लांब थांब्यानंतरही हेच. पार्किंग लॉटमध्ये शेजारचा दात ओठ खात थांबलेला असला तरी थांबू द्या.

जंगलातला रस्ता सकाळी बर्फाळ आणि कडक असतो. त्या पट्ट्यात आइस स्क्रॅचर खाली सोडा, ते बर्फ किसून कूलरवर आणि हायफॅक्सवर उडवतात. हायफॅक्सला बर्फ हेच वंगण. स्क्रॅचर नसतील तर बसवून घ्या, फार खर्च नाही. रिव्हर्स घेण्याआधी ते वर अडकवायला विसरू नका, काही प्रकारचे स्क्रॅचर उलटे जाताना वाकतात.

ट्रॅकचा ताण महिन्यातून एकदा मोजा. किती वजन टांगून किती अंतर हवं हे मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सैल ट्रॅक त्याला फिरवणाऱ्या दातेरी चाकांवर कडकड उड्या मारतो, फार घट्ट असला तर बेअरिंग आणि ताकद दोन्ही खातो. ताण बसवल्यावर गाडी स्टँडवर ठेवून ट्रॅक हळू फिरवून दोन्ही रेलपासून समान अंतरावर आहे का बघा. त्या वेळी मागे कुणीही उभं राहायचं नाही, पोरांना तर घरात पाठवा. फिरत्या ट्रॅकमधून सुटलेला बर्फाचा तुकडा दगडासारखा येतो.

हायवे १ वर मीठ आणि वाळू असते. उघड्या ट्रेलरवरून रॉजर्स पास ओलांडून आलेली स्लेड संध्याकाळी खारवलेली असते. कव्हर घाला, घरी आल्यावर कोमट पाण्याने धुवा, बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नका, आणि धुतल्यावर ग्रीस मारून आत गेलेलं पाणी बाहेर काढा. बायको म्हणा, नवरा म्हणा, दमलेल्या माणसाकडून हे करून घेणं हा वेगळा विषय.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीझनमधून एकदा काढून काजळी साफ केली तर इंजिन खालच्या आरपीएमला अडखळत नाही. शॉकची सर्व्हिसिंग दोन सीझननी, हे सगळे टाळतात आणि मग नवी स्लेड घेतल्यावर "केवढी मऊ चालते!" म्हणतात.

उन्हाळ्यात ठेवताना

एप्रिलच्या शेवटच्या फेरीला इथेनॉल नसलेलं पेट्रोल आणि स्टॅबिलायझर घालून गाडी थोडी चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोहोचतं. मग फॉगिंग, म्हणजे गंज चढू नये म्हणून इंजिनाच्या आत ऑइलचा थर देणं. ई-टेक इंजिनांत त्यासाठी वेगळा मोड आहे, पुस्तिकेतली बटणं दाबली की इंजिन स्वतःच जास्त ऑइल ओढून घेतं. बाकीच्यांना डब्यातला फवारा. बेल्ट काढून घरात टांगा, पुलीच्या तबकड्या उघड्या आणि कोरड्या ठेवा. मागचा भाग स्टँडवर उचलून ट्रॅकचा ताण सैल करा. बॅटरी असेल तर ती काढून बेसमेंटमध्ये चार्जरवर.

उरले उंदीर. कॅल्गरीच्या गॅरेजात मे महिन्यापासून त्यांना एअरबॉक्स आणि सायलेन्सर म्हणजे तयार फ्लॅट वाटतो. एक्झॉस्टच्या तोंडात आणि हवेच्या वाटेत स्टील वूलचा गोळा कोंबा. प्रत्येक गोळ्याला लाल फीत बांधा, किती कोंबले ते चिकटपट्टीवर लिहून ती हँडलला चिकटवा, आणि ऑक्टोबरात किल्ली लावायच्या आधी ते सगळे मोजून काढा.